हायसाहेबांचा ‘हाय’

परक्या मुलखात निव्वळ दोन शब्दांवर पाच वर्षं काढलेला माणूस मी एकच पाहिला. ते दोन शब्द म्हणजे ‘हाय’ आणि ‘ने’. गंमत अशी, की हे शब्द त्यांनी आमच्याकडून शिकले नव्हते. जपानहून येतानाच घेऊन आले होते.

त्यांच्या भाषेत समोरचा काही बोलला की ‘हाय’ म्हणायचं असतं. आमच्या डहाणू-तलासरीकडे ‘आहे’ला ‘हाय’ म्हणतात. ‘हो ना?’ विचारायचं तर ते वाक्याच्या शेवटी ‘ने’ लावत; आमच्याकडे गुजराती बोलणारे तो लावतातच, आणि त्यांच्या संगतीनं मराठी बोलणारेही लावतात. ‘आज गरमी लय हाय ने?’ असं कुणी म्हटलं, की हे म्हणत, ‘हाय.’ ‘पाणी गार हाय ने?’ ‘हाय.’ पहिले सहा महिने विवळवेढ्याच्या आसपासच्या पाड्यांवर अशी पक्की समजूत होती, की या जपानी माणसाला मराठी चांगलं येतं, फक्त स्वभाव अबोल आहे. त्यांचं खरं नाव कुणाच्या जिभेवर बसेना, तेव्हा सगळे त्यांना हायसाहेब म्हणू लागले.

दोन हजार चौदा साली माझी बदली सायवनच्या बाजूला झाली. हुद्दा पशुधन पर्यवेक्षक. या हुद्द्याला ‘डॉक्टर’ म्हणवून घ्यायचा अधिकार नसतो. पण गायी-म्हशींच्या मालकांनी मला परस्पर डॉक्टर करून टाकलं होतं आणि मीही फारसा विरोध केला नव्हता. बैल, म्हैस, शेळी, कोंबडी यांच्यापुरतं माझं बरं चालायचं. घोडा मात्र मी लांबून पाहिलेला बरा, या मताचा होतो. आणि नेमका विवळवेढ्याच्या आत चिकूची वाडी असलेल्या एका पारशी शेठजींचा निरोप आला, की घोडीचा पाय बघायला या.

शेठजींना शर्यतीच्या घोड्यांचा नाद होता. मुंबईला धावणारे त्यांचे घोडे दुखावले की विश्रांतीला वाडीत येत, आणि त्यांना पुन्हा तयार करायला शेठजींनी हा जपानी माणूस आणून ठेवला होता. मी पोचलो तेव्हा वाडीच्या काट्यावर, जिथे चिकूचे क्रेट मोजतात तिथे, एक साठीचा, लहान चणीचा माणूस चड्डी-बनियनवर उभा होता आणि गंभीर चेहऱ्यानं स्वतःचं वजन बघत होता. एक्कावन्न किलो. माझ्याकडे लक्ष गेल्यावर ते काट्यावरून उतरले आणि कमरेत वाकले. मीही वाकलो. ते पुन्हा वाकले. आता थांबायचं कुणी, हे मला कळेना. शेवटी मोतदार जान्या म्हणाला, “डॉक्टर, तुमी थांबा. ते नाय थांबत.”

हा जान्या म्हणजे घोड्यांची देखभाल करणारा, पन्नाशीचा, शेजारच्या पाड्यावरचा शेतकरी. पावसाळ्यात भात आणि नागली, उरलेलं वर्ष घोडे. हायसाहेबांचं निम्मं बोलणं तो आधी ओळखायचा आणि उरलेलं निम्मं स्वतःच्या मनानं भरायचा.

तर ती घोडी. कागदावर तिचं लांबलचक इंग्रजी नाव होतं. वाडीत सगळे तिला तांबडी म्हणत. मी तिच्या पायापासून हातभर अंतर राखून पाय बघू लागलो. हायसाहेबांनी माझा हात धरला, तिच्या पायाच्या नळीवर ठेवला, आणि दुसऱ्या हातानं माझे डोळे झाकले. “बघा नाय,” ते म्हणाले. “हात बघा.” मी घाबरून मिटल्या डोळ्यांनी उभा राहिलो आणि काही वेळानं खरंच कळलं, एका ठिकाणी पाय किंचित ऊन लागत होता. पुढे गुरांचे पाय मी असेच बघू लागलो. दहा वर्षांच्या नोकरीत मला कुणी न शिकवलेली गोष्ट त्यांनी चार शब्दांत शिकवली, आणि त्यातही ‘बघा’ दोनदा होता.

त्यांची पूर्वकथा तुकड्यातुकड्यांनी कळली. पंधराव्या वर्षी घोडेस्वारांच्या शाळेत गेले. मग उत्तरेकडच्या, बर्फ पडणाऱ्या एका छोट्या शहरात अठ्ठावीस वर्षं जॉकी होते. किती शर्यती जिंकलात, असं मी एकदा विचारलं. बराच वेळ विचार करून म्हणाले, “थोडा.” एकदा शर्यत सुरू होण्याआधीच घोडा मागच्या दोन पायांवर उभा राहिला आणि हे लोखंडी कठड्यात चेंगरले. खांदा सांधला, गुडघा सांधला नाही. त्यानंतर मुंबईला नव्या जॉकींना शिकवायला आले आणि तिथून शेठजींबरोबर आमच्याकडे.

स्वारी सुटली तरी सवयी सुटल्या नव्हत्या. वजन रोज सकाळी. जेवण चिमणीएवढं. त्यांचं वजन वाढवू शकली ती एकटी जान्याची बायको. तिनं नागलीची भाकरी आणि भाजलेला सुका बोंबील पुढे ठेवला, तेव्हा हायसाहेबांनी बोंबील उचलून आधी हुंगला. मग डोळे पुसले. त्यांच्या गावी समुद्रावर अशीच मासळी वाळत घालतात म्हणे. त्या आठवड्यात काटा त्रेपन्नावर गेला. हायसाहेबांनी काटा बिघडलाय म्हणून जान्याला त्यावर उभं केलं.

सगळ्यात कठीण प्रसंग म्हणजे त्यांना मोटारसायकलवर मागे घेणं. एकदा जाड दोर आणायला आम्ही अच्छाडला निघालो. तिथे ट्रकवाल्यांसाठी चांगला दोर मिळतो. महामार्गाला लागलो आणि मला माझ्या खांद्यावर कुणाची तरी हनुवटी जाणवली. हायसाहेब सीटवर बसलेच नव्हते. पायऱ्यांवर पाय देऊन, गुडघे दुमडून, पाठ आडवी करून ते शर्यतीत असल्यासारखे ओणवे झाले होते. सांधलेला नव्हता तो गुडघासुद्धा दुमडलेला. चेकनाक्यावर रांगेत उभ्या ट्रकवाल्यांनी हॉर्न वाजवून आमचं स्वागत केलं. मला लाज वाटत होती आणि मागून कानात येत होतं, “वेग, थोडा वेग!”

तिथल्या ढाब्यावर वेगळाच घोळ. बोलताना शब्द सुचला नाही की ते “आनो… आनो…” म्हणून थांबत. ढाब्यावाला त्याला ‘आणू?’ ऐकायचा आणि चहा आणायचा. एक वाक्य पुरं होईपर्यंत आमच्यासमोर पाच चहा जमले. हायसाहेबांनी पाचही चहांपुढे मान लववली आणि सगळे ट्रकवाल्यांना वाटले.

पण या गमतीजमतींच्या मागे एक काळजी उभी होती. तांबडीचा पाय बरा झाला, पण मुळात तिला मुंबईहून परत पाठवलं होतं ते पायासाठी नव्हतंच. शर्यत सुरू व्हायच्या आधी प्रत्येक घोड्याला लोखंडी चौकटीच्या एका अरुंद खणात उभं करतात. सगळे खण भरले की पुढची दारं एकदम उघडतात आणि घोडे सुटतात. त्याला गेट म्हणतात. तांबडी त्या गेटात शिरायची नाही. ओढलं तर दोन पायांवर उभी राहायची. गेटात न शिरणारी घोडी शर्यतीच्या कामाची नाही, मग ती वाऱ्यासारखी धावो.

“दिवाळी सुधी बघतो,” शेठजी म्हणाले होते, “नाहीतर वापीचा एक बँडवाला मागतोय, वरातीसाठी. बाकीचे दोन घोडे पण काढून टाकीश. आ बधूं बंध.” म्हणजे घोडे बंद, आणि घोडे बंद तर हायसाहेबांचं कामही बंद. त्यांना जावं लागलं असतं.

मी त्यांना म्हटलं, “जावं लागलं तर जपानला काम मिळेल की.”

त्यांनी मान हलवली. मग खूप ‘आनो’ करत जे सांगितलं त्याचा अर्थ असा : अठ्ठावीस वर्षं मी दुसऱ्यांनी तयार केलेल्या घोड्यांवर बसलो. मला एक घोडा तयार करायचा आहे. एकच. पहिल्यापासून.

ते म्हणाले, “एक,” आणि एक बोट वर केलं. मला त्या बोटाकडे बघवेना.

लोखंडी नळ्या जोडून त्यांनी वाडीत खोटं गेट केलं. तांबडी त्याच्या सावलीलाही जाईना. वैशाख आला. आणि मग जान्याच्या मुलाचं लग्न ठरलं.

जान्या हायसाहेबांसमोर उकिडवा बसून म्हणाला होता, “साहेब, आमचे पोऱ्याचे लग्नाला आपला घोडा हाय ने?”

हायसाहेब म्हणाले होते, “हाय.”

पाड्यावर तोपर्यंत कुणाचाच नवरदेव घोड्यावर बसला नव्हता. जान्यानं पत्रिका छापल्या. त्यावर, खाली, ठळक अक्षरात : ‘नवरदेव घोड्यावरून येतील.’ एक पत्रिका माझ्याकडे आली आणि मी अभिनंदन करायला वाडीवर गेलो.

“कमाल केलीत. शर्यतीची घोडी वरातीला देताय!”

हायसाहेब हसून म्हणाले, “हाय.” मग चेहरा बदलला. “घोडी? वरात?”

मी पत्रिका दाखवली, वाचून दाखवली, खुणा केल्या. तुम्ही जान्याला हो म्हणालात ना? मग त्यांनी बोट कानाला लावलं. “हाय… ऐकला. हो नाय. ऐकला!”

तेव्हा मला उलगडा झाला. त्यांचा ‘हाय’ म्हणजे होकार नव्हता. तुमचं बोलणं माझ्या कानावर आलं, चालू द्या, एवढंच ते म्हणत होते. दोन वर्षं आम्ही सगळे त्यांच्या ऐकण्यावर आमचे होकार लादत होतो. मी मनातल्या मनात माझ्यापुरती यादी केली आणि मला घाम फुटला. गावच्या जत्रेत भाषण करायलासुद्धा मी त्यांच्याकडून ‘हाय’ घेतला होता.

“मी जान्याला समजावतो,” मी म्हटलं.

“कागद?” त्यांनी विचारलं. म्हणजे, किती घरी गेला?

“सगळ्या पाड्यांवर. शंभराच्या वर.”

हायसाहेबांनी पत्रिका दोन्ही हातांत धरली आणि तिच्यापुढे वाकले. मग म्हणाले, “हाय बोलला. आता हाय.”

शेठजींना फोन केला. ते मुंबईत पोट धरून हसले. “अरे डॉक्टर, आ तो वरघोडो थयो! लई जाओ, लई जाओ. तिला पुढे तेच करायचंय, आतापासून शिकू दे.” मी ते हायसाहेबांना सांगितलं नाही. पण फोनचा आवाज मोठा होता, आणि वरघोडो म्हणजे घोड्यावरची वरात, हे त्यांना वापीच्या बँडवाल्यामुळे ठाऊक होतं. ते उठून तांबडीजवळ गेले आणि तिचं कपाळ चोळत बसले.

लग्नाच्या दिवशी दुपार उतरताना वरात निघाली. पुढे बँजोवाले, मागे पाडा. तांबडीच्या कानांत हायसाहेबांनी कापसाचे बोळे घातले होते. नवरदेवानं भीतीनं डोळे मिटून घेतले होते. त्याच्या कानांतही बोळे घाला, असं कुणीतरी ओरडलं. लगाम धरून हायसाहेब चालत होते, अंगात सफारी आणि डोक्याला जान्यानं बांधलेला फेटा. फेट्यामुळे त्यांची उंची पहिल्यांदाच जान्याएवढी झाली होती.

सगळं नीट चाललं होतं. मग मांडव आला.

मांडवाचं दार म्हणजे दोन बांबू आणि वर आंब्या-जांभळाचे टहाळे. जेमतेम एक घोडी जाईल एवढं. तांबडी थांबली. तिचे पुढचे पाय ताठ झाले. मला ती खूण ठाऊक होती. आता ती उभी राहणार आणि नवरदेव मागच्या वऱ्हाडावर पडणार. बँजो गप्प झाला. दोनशे माणसं गप्प झाली. हायसाहेबांच्या हातातला लगाम सैल होता. त्यांनी ओढलं नाही. ते फक्त तिच्या बाजूला उभे राहिले.

आत धवलेरी गात होती. आमच्याकडच्या पाड्यांवर लग्न भटजी लावत नाही. धवलेरी लावते, जाणती म्हातारी बाई, आणि ती गाऊन लग्न लावते. तिला बाहेर काय चाललंय याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. घोडी अडली म्हणून देवाचं गाणं थोडंच थांबतं? त्या शांततेत तिचा एकसुरी, संथ, किंचित फाटलेला आवाज तेवढा येत राहिला. चढ नाही, उतार नाही.

तांबडीचे कान बोळ्यांसकट पुढे वळले. तिनं नाक फुरफुरवलं. एक पाय टाकला. मग दुसरा. आणि नवरदेवाला घेऊन ती मांडवात शिरली, थेट धवलेरीसमोर जाऊन उभी राहिली. म्हातारीनं गाणं न थांबवता हातानं तिला मागे सरायची खूण केली.

जान्याच्या बायकोनं आनंदानं आरोळी ठोकली. हायसाहेब मात्र नवरदेवाला खाली उतरवायचं विसरले. ते धवलेरीच्या तोंडाकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी वाडीतल्या लोखंडी गेटावर बांबू बांधलेले आणि जांभळाचे टहाळे लावलेले मी पाहिले. त्यांचं म्हणणं असं, की घोडी खणाला घाबरत नाही. खणात शिरल्यावर सगळे गप्प होऊन दार उघडायची वाट बघतात, त्या गप्प होण्याला घाबरते. ते स्वतःही त्यालाच घाबरायचे, हे त्यांनी नंतर सांगितलं. मग आम्ही तिघं धवलेरीकडे गेलो, की वाडीवर येऊन थोडं गा.

म्हातारी जान्यावर खेकसली. “घोडीचा लगीन लावाचा हाय काय तुला? लग्नाबगर ह्या गाणा तोंडातून काढत नाय.”

हायसाहेब वाकले. तिच्या अंगणात वाकूनच राहिले. शेवटी तीच कंटाळली. “उठव रे याला. शब्द नाय देनार. चाल घे तू, निसती चाल.”

मला हसू आलं. घोड्याचीही चालच असते. हायसाहेबांना तो विनोद समजावायला मला पाऊण तास लागला, आणि मग ते चार दिवस हसत होते.

सगळा पावसाळा त्यांनी आणि जान्यानं त्या चालीत घालवला. शब्द नाहीत, नुसतं तोंड मिटून गुणगुणणं. गुणगुणत तांबडीला मांडवात न्यायचं, उभं करायचं, दार उघडायचं. टहाळे वाळले की नवे लावायचे. घाई करू या म्हटलं तर म्हणत, “घोडा घाई नाय. माणूस घाई.” मधल्या काळात मी त्यांना एक नियम शिकवला. होकार असेल तेव्हाच ‘हाय’ म्हणा. नुसतं ऐकलं असेल तर ‘ऐकला’ म्हणा. पुन्हा कुणाचं लग्न निघायला नको. त्यांनी तो नियम इतका मनावर घेतला, की त्यांचा ‘हाय’ एकदम दुर्मीळ झाला.

दिवाळीला शेठजी आले. “बोलो साहेब. मुंबईला गेटमां जशे ने?”

हायसाहेब आमच्या सगळ्यांकडे बघून म्हणाले, “हाय.”

“अने जीतशे ने?”

“ऐकला.”

शेठजींनी बँडवाल्याला थांबायला सांगितलं. शर्यत हिवाळ्यात होती. हायसाहेब आणि जान्या तांबडीबरोबर मुंबईला गेले. मला रजा मिळाली नाही. अच्छाडच्या त्या ढाब्यावर मी मोबाईलवर शर्यत लावून बसलो, शेजारी ढाब्यावाला आणि चार ट्रकड्रायव्हर. घोडे गेटाकडे निघाले. तांबडीच्या तोंडाशी जान्या दिसला, गाल किंचित हलत होते. तो गुणगुणत होता. गेटासमोर ती थांबली, आणि चित्रही थांबलं. पडद्यावर ते गोल चाक फिरायला लागलं ते फिरतच राहिलं. ढाब्यावाल्यानं मोबाईल हातात धरून छपरावर चढून पाहिलं. एक ड्रायव्हर तर देवाचं नाव घेऊ लागला. त्यानं तांबडीला कधी पाहिलंही नव्हतं.

वीस मिनिटांनी जान्याचा फोन आला. तो रडत होता की पळत होता, कळेना. “डॉक्टर, गेली! आत गेली! गायीवानी उभी ऱ्हाली!”

“आणि कितवी आली?”

“तां नाय बघला,” तो म्हणाला.

सहावी आली होती, नवांत. शेठजींनी वाडीत पेढे वाटले. पुढे दोन हंगाम ती धावली, एकदा दुसरीही आली. वापीच्या बँडवाल्याचा फोन पुन्हा आला नाही. मुंबईच्या गेटावर दुसरे मोतदार जान्याला विचारत, हा कुठला मंत्र रे? जान्या सांगे, लग्नाचा हाय.

दोन हजार एकोणीसच्या सुरुवातीला हायसाहेबांच्या गुडघ्यानं अगदीच हात टेकले. तिकडे आई नव्वदीच्या पुढे, एकटी. जाणं भाग होतं. जायच्या दिवशी सकाळी ते काट्यावर उभे राहिले. चौपन्न. या वेळी काट्याला दोष दिला नाही. तांबडीला कपाळ लावून ते बराच वेळ उभे होते, आणि ती चाल त्यांच्या नाकातून येत होती.

विवळवेढ्याच्या फाट्यावर गाडी उभी होती. जान्याच्या बायकोनं सुक्या बोंबलांचं पुडकं दिलं. विमानात वास येईल, असं मी म्हटलं. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की मीच ते पुडकं उचलून गाडीत नीट ठेवलं. हायसाहेब सगळ्यांपुढे वाकले, आम्ही सगळे वाकलो, आणि कुणालाच थांबायचं नव्हतं.

मग जान्यानं विचारलं, “साहेब, परत येनार ने?”

त्यांनी तोंड उघडलं आणि थांबले. आम्हाला सगळ्यांना नियम ठाऊक होता. दोनच उत्तरं होती, आणि दोन्ही त्यांच्या ओठांवर दिसत होती. महामार्गावरून ट्रक जात होते. हायसाहेबांनी जान्याचे दोन्ही हात धरले. डोळे भरले होते, आणि हसतही होते.

“ऐकला,” ते म्हणाले.

गाडी निघाली. मागच्या काचेतून दिसलं, सीटवर टेकून न बसता ते पुढे ओणवे झाले होते, ड्रायव्हरच्या खांद्यावरून रस्ता बघत. बिचाऱ्या ड्रायव्हरला पुढे शंभर किलोमीटर हे सोसायचं होतं.

जान्या खांद्यावरच्या टॉवेलच्या टोकानं नाक पुसत म्हणाला, “खोटा नाय बोलला, डॉक्टर.”

मी म्हटलं, “हाय.”